आंबा संपला की जाऊ

१२ डिसें. २००३
काल मुंबईहून घरी. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग गेला, कॅन्सरसकट. ऑपरेशन दुर्बिणीचं, त्यामुळे बरगड्यांत नुसती भोकं. बागेतला गडी बबन बघायला आला. "तात्या, येवढंच व्हय?" हिरमुसला बिचारा. खूण लहान म्हणजे दुखणंही लहान, असा त्याचा हिशेब. मलाही तो पटायला लागलाय. चहा करून करून बायको, कुसुम, वैतागली. "येईल त्याला शर्ट वर करून काय दाखवताय!"

३ मे २००४
तपासणीची तारीख एप्रिलातली. ऐन काढणीत! बाग सोडून जाणार कसा? कुसुम रोज मागे लागते. आंबा संपला की जाऊ म्हटलं.

११ जून २००४
जाऊन आलो. फोटो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षं अशीच काढा, मग विसरा." गाडीत कु.ला म्हटलं, उशिरानं काय बिघडलं? तिनं फोटोचं पाकीट पिशवीत सरकवलं.

८ एप्रिल २००६
गेल्या वर्षीही तपासणीला जूनमध्येच गेलो, यंदाही तसंच करू. खोकला आहे. मोहोरावर गंधकाची भुकटी मारली की दरवर्षी होतो. पण यंदा थांबत नाही. चढावर धाप लागते. कलमाला टेकून उभा राहतो, बबनला वाटतं तात्या फळं बघतायत.

२१ मे
आंबा संपला. सकाळी थुंकीत रक्त. कु.नं पाहिलं. ओरडली नाही, सरळ मुंबईची पिशवी भरायला घेतली.

२ जून
डाव्या बाजूला गाठी. यकृतातही. डॉक्टरांना म्हटलं, पाडा पुन्हा भोकं. "आता ऑपरेशन नाही." एप्रिलात आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." सज्जन माणूस. 'हो' म्हणाला असता तर निदान स्वतःला शिव्या तरी घातल्या असत्या.

९ जुलै
केमोनं तोंडाची चव गेली. कु.नं पेज आणली, ताट ढकललं. मग वाईट वाटलं. भीती वाटते. तिच्याशी बोलायला जातो, तर तोंडातून बागेतल्या पंपाच्या दुरुस्तीचंच काहीतरी निघतं.

२३ जुलै
दुपारी मुलाचा, विनूचा, नाशिकहून फोन. गणपतीला रजा टाकलीय म्हणाला. म्हटलं, ये सावकाश, माझं ठीक चाललंय. फोन कु.कडे देऊन आत येऊन पडलो. ऐकू येत होतं. आधी पाऊस, मग सूनबाईंची चौकशी. मग आवाज खाली आला. "गणपतीची रजा राहू दे, विनू. आत्ता मिळते का बघ."
कु. दाराशी आली. मी डोळे मिटून पडून राहिलो. बराच वेळ दारातच उभी होती.