उताऱ्यावरची दोन नावं

प्रिय घुम्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र सुतारकामाच्या बाकावर तसंच ठेवून दिलं असशील. आता भुसा झटक आणि पुढचं वाच. इतक्या वर्षांनी लिहिते आहे, ते काही खुशाली विचारायला नाही.

तुमची वस्ती पट्ट्यात गेली. अणुभट्टीभोवती जेवढ्या जागेत कुणी राहायचं नाही असा आमच्या नियामक मंडळाचा नियम आहे, तो पट्टा. नोटीस तुझ्या दारावर चिकटवून गेले असतील. ज्या बैठकीत हे ठरलं तिला मी नव्हते, हेही एव्हाना गावभर झालं आहे. 'ऐनवेळी वकिलीणबाईनं शेपूट घातलं' असं चहाच्या दुकानात बोलतात म्हणे. तू काय म्हणालास ते कुणी सांगितलं नाही. काही म्हणाला नसशीलच. मिठाची गुळणी धरून बसणं तुला लहानपणापासून जमतं.

वाद साधा होता. पट्टा भट्टीपासून मोजायचा की प्रकल्पाच्या कुंपणभिंतीपासून? भट्टीपासून मोजला तर वस्ती बाहेर राहते, भिंतीपासून मोजला तर आत येते. मी म्हटलं, धोका भट्टीत आहे, भिंतीत नाही. उद्या कुणी गाड्या लावायला जागा हवी म्हणून भिंत पुढे सरकवली, तर माणसांनीही सरकायचं का? सगळे हसले, पण हसता हसता काहीजण माझ्या बाजूला आले. माझं मत धरलं तर आमचं पारडं जेमतेम जड होत होतं. मी खूश होते रे. तुमच्यासाठी काहीतरी करते आहे, तुला न कळता करते आहे, याचं मला भारी समाधान वाटत होतं.

मग आम्ही जागेची पाहणी करायला आलो. तू लाकूड आणायला गेला आहेस असं तुझी बायको म्हणाली. खरंच गेला होतास की आमची गाडी बघून मागच्या दारानं सटकलास, ते तुझं तुला माहीत. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, मला आत बसवलं. स्वयंपाकघरात मी बसले आणि समोर ती खिडकी. विहिरीच्या बाजूची. आठवतं? आपण दोघांनी मिळून घेतलेल्या, नुसत्या दगडगोट्यांच्या त्या तुकड्यावर तू काठीनं घराच्या रेघा ओढल्या होत्यास, आणि मी हट्ट धरला होता की खिडकी इथंच हवी, मला पोळ्या लाटताना विहीर दिसली पाहिजे. तेव्हा तू म्हणाला होतास की या बाजूनं वारा येतो, घरात माती माती होईल. तुझी बायको हसत म्हणाली, या खिडकीनं नुसता वैताग आणलाय, पुसून पुसून हात दुखतात, पण यांनी ऐकलं नाही. मीही हसले. पाणी प्यायले आणि लवकर उठले. बाई चांगली आहे रे तुझी. मला वाटलं होतं मला ती आवडणार नाही.

कचेरीत परतले तर टेबलावर खातेदारांची यादी तपासायला आलेली. तुझ्या नावाखाली माझं नाव होतं. माहेरचं, आडनावासकट, नोंदणी कचेरीतल्या त्या चष्मेवाल्या कारकुनानं लावलं होतं तसं. त्यानं विचारलं होतं, नातं काय लिहू? लग्न झालं नव्हतं, खोटं लिहायची हिंमत नव्हती. आपण दोघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. शेवटी त्यानंच वैतागून 'भागीदार' लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर पायरीवर बसून आपण पोट धरधरून हसलो होतो. 'काय भागीदार, निघायचं का?' असं म्हणून तू सायकल काढलीस. पुढे मी कायदा शिकायला गेले. येते म्हणून गेले ती गेलेच. पुढे लग्न केलं, तेही टिकलं नाही. हे सगळं तुला कुणाकुणाकडून कळलं असेल.

मंडळाचा नियम असा की प्रकल्पाजवळ ज्याची जमीन आहे त्यानं त्या प्रकल्पावर मत द्यायचं नाही. नियमाचा मसुदा माझाच. पण यादीत बघेपर्यंत ते नाव मला नुसती आठवण वाटत होतं, मालकी वाटलीच नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! गप्प बसले असते आणि नंतर उघड झालं असतं, तर सगळा निर्णयच रद्द झाला असता, आणि बाईनं स्वतःची जमीन वाचवली म्हणून तुमची वस्तीही बदनाम झाली असती. अध्यक्षांना जाऊन सांगितलं. त्यांनी मला बैठकीतून वगळलं. मतं सारखी पडली, अध्यक्षांच्या एका जादा मतानं रेघ सरकली आणि तुमची घरं आत आली.

सांगितलं याची खंत नाही मला. खंत वेगळीच आहे. इतक्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, येऊन मी नाव कमी करून दिलं असतं, तर आज मत द्यायला मोकळी राहिले असते. दोघांनी समोर उभं राहून सह्या करायच्या, एवढंच काम. मी वकील, मला ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. खरं सांगायचं तर मला ते नाव कमी करायचंच नव्हतं. जगात कुठेतरी आपण दोघं एकाखाली एक लिहिलेले आहोत, एवढं मला पुरत होतं. आणि तूही कधी बोलावलं नाहीस. का नाही बोलावलंस, ते मी विचारत नाही. खिडकी बघितली आहे मी.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात नोंदणी कचेरीतल्या बाईंशी बोलणं झालं. पट्ट्याविरुद्धची तुझी हरकत त्यांनी परत पाठवली, कारण तिच्यावर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात आणि एक सही कमी होती. त्यांनी तुला तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, की वकिलीणबाईंना कळवा, सही मागवा. तू मान हलवलीस आणि निघून गेलास. घर जाईल तर जाऊ दे, पण तिच्यापुढे हात पसरणार नाही, असंच ना? ते वाचवायचा हक्क तुझ्या बायकोचाही आहे, मूर्खा. म्हणून हे पत्र तिलाही वाचायला दे, खिडकीसकट.

हरकतीचा अर्ज सोबत ठेवला आहे. माझी सही केली आहे, तुझी कर. मंडळातल्या माणसाला मंडळाच्या आदेशावर हरकत घेता येत नाही, म्हणून काल राजीनामा दिला. सुनावणीला मी तुमच्या बाजूच्या बाकावर बसेन आणि बोलायचं काम माझं, तू नेहमीप्रमाणे गप्प राहिलास तरी चालेल. फक्त नातं विचारतील तेव्हा तू सांग, कारकुनानं लिहिलं होतं तेच सांग. आदेश निघाल्यापासून पट्ट्यातल्या नोंदी गोठल्या आहेत, एकही नाव बदलता येत नाही. आपण हरलो तर तिथे कुणीच राहणार नाही आणि उताऱ्यावर आपली दोन्ही नावं कायमची राहतील. जिंकलो तर नोंदी सुटतील, आणि त्याच दिवशी माझं नाव कमी करून देईन. मला जिंकायचं आहे.

त्या दिवसापर्यंत तरी तुझीच,
वकिलीणबाई