बेचाळिसावं काम

जयपूर, प्रताप नगर
३ फेब्रुवारी

चि. कीर्तीस आजीचे अ. आ.

फोन करत नाही, कारण तू मोकळी असतेस तेव्हा भिंतीपलीकडे तुझा बाप असतो. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा तो हॉस्पिटलात. अक्षर माझं तिसरीतलं आहे, हसायचं तर हस.

पंचवीस वर्षं माझा रंगनाथ पेशंटांना तपासणीच्या तारखा देतोय. दिवाळीनंतर तुझ्या कंपनीची माणसं आली, काय काय करता ते क्रमाने लिहून द्या म्हणाली. लेकीची कंपनी म्हणून त्याने कोरीव अक्षरात एक्केचाळीस कामं लिहून दिली. आता ती कामं तुमचं मशीन करतंय, आणि याला महिनाअखेरपर्यंतच या म्हणालेत. घरभर फिरतो. न गळणारा नळ दोनदा खोलून बसवला. आता गळतोय.

तुला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिही. कारणं मला नकोत.

जेवत जा. लोभाचं काय ते तुझं उत्तर वाचून बघते.

तुझी आजी

पुणे
९ फेब्रुवारी

ती. आजीस कीर्तीचा सा. न. वि. वि.

हो.

मला या कामासाठी दुसरं हॉस्पिटल द्या म्हणून मी साहेबांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. हे कारण झालं, माफ कर.

गेल्या आठवड्यात डॉक्टर अचानक रजेवर गेले. मशीनने तारीख बदलल्याचे मेसेज पाठवले, तरी चौमू गावाकडच्या अकरा बायका तपासणीसाठी उपाशीपोटी आल्या. एक रांगेतच चक्कर येऊन पडली. बाबांच्या वेळी असं कधी झालं नाही. मतलब, ते काहीतरी करायचे जे यादीत नाही. साहेब ते मागतायत. तू विचारशील? माझं नाव नको घेऊस. मिळालं तर मशीन तेही शिकेल आणि बाबा कायमचे घरी बसतील. नाही मिळालं तर पुन्हा कुणीतरी पडेल. मला झोप नाही.

रागव, पण लोभ असू दे.

कीर्ती

जयपूर
१५ फेब्रुवारी

चि. कीर्तीस अ. आ.

तुझं नाव घेऊनच विचारलं. लपवाछपवी मला या वयात झेपत नाही.

म्हणाला, ते काय काम आहे का लिहायला? कामावरून उठल्यावर तो उद्याच्या बायकांना फोन लावायचा. फोन असतो मुलाकडे, मेसेज वाचतो मुलगा आणि विसरतो. म्हणून आईला द्या म्हणायचा. बाई नुसतं हां हां म्हणाली तर फोन ठेवायचा नाही. तारीख तिच्या तोंडून ऐकायची, मग ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून यादीत नाही. आता पेशंटांची नावं मशीनकडेच, म्हणून ते फोनही बंद.

आता बेचाळिसावं म्हणून लिहून दिलंय, सोबत आहे. मी म्हटलं, स्वतःच्या हाताने खुर्ची उचलून देतोयस. तर म्हणाला, उपाशी बाई पडायला नको. आणि गेला नळाकडे.

आता तू ऐक. न कळता हां म्हणणारी बाई तुझ्या मशीनला ओळखता येत असेल, तर बापाला खुशाल घरी बसव, मी मटार सोलायला लावते. येत नसेल तर तसं लिही आणि खाली सही कर. साहेबाला बरं वाटावं म्हणून जमेल जमेल लिहू नकोस.

लोभ आहे. फार माजू नको.

तुझी आजी

पुणे
२६ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

जमणार नाही असं लिहिलं, सही केली. साहेब चार दिवस बोलत नव्हते. काल हॉस्पिटलने कळवलं, बाबांना ठेवतायत. अर्धाच दिवस, फक्त फोनसाठी. सकाळचे मटार तुझे.

मी लगेच बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, कधीपासून किती वाजता यायचं तेही. ते नुसतं हां हां म्हणत राहिले. मी फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने ते स्वतः म्हणाले, सोमवार, दुपारी दोन.

मग ठेवला.

तुझ्या लोभाची,
कीर्ती