काल तापलेलं पाणी

बसवनगुडी, बेंगळूर
२० डिसेंबर १९६२

चि. नंदकिशोरराव यांस, गुंडोचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गच्चीवरचा तुमचा उन्हाचा बंब आम्हांला कितीला पडला, ते आज उमगलं. सावली पडते म्हणून तोडलेलं नारळाचं झाड, आता कशाला हवी म्हणून पाडलेली न्हाणीघरातली चूल, आणि माझ्या अहल्याअक्काची छाती.

जावयाला रागानं लिहू नये म्हणतात, म्हणून सावकाश लिहितो. दुपारी तुमच्या नळाला हात लावला तर भाजतो. त्या वेळी न्हातं कोण? सध्या धनुर्मास. पूजा उजाडायच्या आत, आणि अक्काला त्याच पहाटे विहिरीतून काढलेलं पाणी लागतं. टाकीतलं काल तापलेलं, म्हणजे शिळं. सोवळ्याला चालत नाही. सत्तरीची बाई गार पाण्यानं न्हाते. भिंतीआडून मी तिचं स्तोत्र ऐकतो. दर तांब्याला शब्द तुटतो, मग खोकला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर संक्रांत दिसायची नाही. पत्रावळी लावून तिनं मला वाढवलंय हो!

निघताना गच्चीवर उभं राहून तुम्ही म्हणालात, की आता या घरात पाण्यासाठी काडीसुद्धा जळायची नाही. कानपुरात बसून सांगा, काय करू?

प्रेमाला आशीर्वाद. वर राग आहे, खाली लोभ आहे.
गुंडो

कानपूर
२७ डिसेंबर १९६२

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मलाही राग आला, क्षमा असावी. बंबात दोष नाही. टाकी लाकडी पेटीत भुसा भरून बसवली आहे. पहाटे पाणी ऊन असतंच. अक्का ते अंगावर घेत नाहीत, याला इंजिनिअरनं काय करावं? आणि चूल पाडा असं मी म्हटलं नव्हतं. ‘सरी, सरी, ठीक आहे’ म्हणत पहार आपणच मागवलीत. शेजारच्या भागुबाईंना गच्चीवर नेऊन मिरवलंत.

प्रेमा म्हणते, अक्काचं शिळं-ताजं घरच्या मांजरालाही ठाऊक. अण्णांना जन्मभर तिच्या हातचं जेवून कळलं नाही? हे तिचं म्हणणं.

बंबाला हात लावू नये. मे महिन्यात येऊन सुधारतो. अक्कांना नमस्कार. मायेत अंतर पडू देऊ नये.
आपला
नंदकिशोर

बसवनगुडी
४ जानेवारी १९६३

चि. नंदकिशोरराव यांस आशीर्वाद.

मे महिन्यात! तोवर अक्कानं खोकत बसावं? प्रेमाला सांगा, बोललीस ते खरं. त्यानं माझा राग उतरला नाही, दुप्पट झाला.

गवंडी आणून चूल मांडून घेतली. काल पहाटे अक्कानं विहिरीचं पाणी हंड्यात ओतलं, जाळ मी घातला. स्तोत्र शेवटपर्यंत गेलं, कुठं तुटलं नाही.

मे महिन्यात दोघं अवश्य या. भांडायला का होईना, या.
गुंडो

ता. क. सरपण ओलं होतं. तुमची लाकडी पेटी भुशासकट चुलीत जळली.