चाचींचे शेरे

सोम. ५ फेब्रु., विश्रामबाग
साहेबांची पुन्हा तीच तक्रार. वर्कशॉपना दिलेलं आपलं जॉब-नोंदीचं सॉफ्टवेअर काढलं तरी फोल्डर मागे राहतं, नवीन टाकलं की जुन्याच सेटिंग पकडतं. राहणारच. आपण टाकलेल्या फायलींची यादी असते, काढताना तेवढ्याच जातात. वापरताना ज्या तयार झाल्या त्यांचा यादीला पत्ताच नसतो. साहेब म्हणाले, "अख्खं फोल्डरच उडव." काढायच्या प्रोग्रॅममध्ये तशी एक ओळ वाढवली. माझ्या मशीनवर तपासलं. साफ. दिवसभरात बोललो ते साहेबांशीच, तेही फोनवर.

गुरु. ८
कुपवाड, शिकलगारचाचांचं लेथचं वर्कशॉप. जुनं काढलं, नवीन टाकलं. दहा मिनिटांचं काम. चाचांनी चहाला अर्धा तास बसवून घेतलं. बरं वाटलं. खोलीवर जाऊन तरी काय...

शुक्र. ९
चाचांचा फोन. "गड्या, हिचं शेरं दिसंनात रं."
चाची गेल्या वर्षी वारल्या. सकाळी सॉफ्टवेअरमध्ये जॉब त्याच चढवायच्या, खाली शेऱ्याच्या रकान्यात चाचांसाठी काहीबाही लिहून दुपारी घरी जायच्या. ते सगळं त्याच फोल्डरमध्ये. माझ्या मशीनवर कुणी कधी काही लिहिलंच नव्हतं, मग तपासताना जाणार काय? कॉपीही घेतली नाही. गाढवपणा.

रवि. ११
चाचांच्या मशीनची डिस्क आणून पुसलेलं परत मिळवायला रिकव्हरी लावली. पुसलेल्यांच्या जागेवरच नव्या फायली बसल्यात. हाती कचरा. कोरेगावला आईला फोन केला. शेजारीण आली होती, नंतर करते म्हणाली.

मंगळ. १३
चाचांना खरं सांगितलं, ओळ मीच घातली. त्यांनी विचारलं, "तू वाचलं हुतंस का कवा?"
वाचलं होतं. दुरुस्तीच्या नावाखाली दर खेपेला उघडायचो, गरज नसताना. लाज वाटली, पण सांगितलं.
"मग लिव. आठवंल तेवढं." रकाना उघडून टाइप करत गेलो.
'पट्टा ढिला आहे, नंतर बोंबलू नका.' 'गोळी घेतली का.' 'मिरजेचा माणूस परत येईल, गोड बोला.' चाचा हसत डोळे पुसत होते. "व्हय, हिचंच."
चौथा. 'लवकर या, एकटीला जेवण जात नाही.'
चाचा स्टूल ओढून स्क्रीनजवळ सरकले. "ह्यो मी वाचलाच न्हाई कवा."
हा चाचींचाच होता, की माझ्याच मनातला? आता खरंच सांगता येत नाही. चाचा म्हणाले, सेव्ह कर. केला.