मीनाच्या लग्नातला ग्रुप फोटो

इंदिरानगर, नाशिक
१२ नोव्हेंबर २००९

प्रिय लखन,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. त्यात तू दोन गोष्टी विचारल्यास. चंद्रपूरला बदली झाल्यावर तू तो जुना फुल फ्रेम कॅमेरा घेतलास, तर त्याला परवडतील अशा लेन्स कोणत्या? आणि तुझ्या आईचं, मावशीचं, वर्षश्राद्ध जवळ आलंय, मतदार ओळखपत्रावरचा फोटो तर तिचा वाटतच नाही, तेव्हा माझ्याकडे तिचा एखादा तरी फोटो सापडेल का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तेच देतो. भित्रा आहे मी, तुला माहीत आहे.

सगळे पैसे कॅमेऱ्याच्या बॉडीत घालून बसलास आणि आता लेन्स घेताना हात आखडता! मीही हेच केलं होतं. आधी साधी पन्नास एमएमची लेन्स घे. प्लास्टिकची आहे, खेळण्यासारखी वाटते, पण चेहरा फार सुंदर काढते. मग रोलच्या जमान्यातल्या लेन्स बघ. तुझ्या कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा सेन्सर रोलच्या फ्रेमएवढाच, त्यामुळे त्या पूर्ण चालतात आणि लोक आता त्या मातीमोल विकतायत. घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघ. एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये, कपाटात ठेवून ठेवून तुझी पहिली लेन्स कशी वाया गेली ते आठवत असेलच. एक मात्र करू नकोस. लहान सेन्सरसाठी बनवलेली स्वस्त वाइड लेन्स दुकानदार गळ्यात मारेल. ती बसते, फोकसही होते, पण तिचा उजेड पूर्ण सेन्सरभर पोचत नाही. फोटोच्या कडा काळ्या पडतात.

तुझ्या बहिणीच्या, मीनाच्या लग्नाआधी आठवडाभर मी नेमकी तीच लेन्स घेतली होती. मावशी लग्नाच्या दिवशी सकाळपासून कोठीच्या खोलीत. विधवेनं हळदीला, अक्षतांना पुढं यायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवून टाकलेलं. जिच्या मळ्यातल्या झेंडूनं अख्खा मांडव सजला, ती तांदळाच्या पोत्यावर बसून विड्यांची पानं पुसत होती. मी कॅमेरा घेऊन आत गेलो तर म्हणाली, "आरं मन्या, माझा कशाला फोटू? पोरीचा काढ की." मी हसलो आणि बाहेर आलो. अजून राग येतो मला त्या हसण्याचा. शेवटी ग्रुप फोटोच्या वेळी मीनाच उठली, हाताला धरून आईला बाहेर आणलं आणि आपल्या शेजारी उभं केलं.

लखन, तिला तिथून मी हलवलं. पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. नवरीच्या बाजूला सवाष्णी उभ्या करायच्या, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, जरा कडेला." ती सरकली, पार टोकाला. मीना माझ्याकडे बघत राहिली. अंगण लहान, माझ्या पाठीला भिंत, म्हणून लेन्स पूर्ण वाइड केली. कडा काळ्या दिसल्या होत्या रे मला. मांडवाची सावली असेल, असं स्वतःला सांगितलं आणि बटण दाबलं. शेवटचं मेमरी कार्ड खराब झालं, असं मी तुला अडीच वर्षं सांगतोय, ते खोटं आहे. फोटो आहे. सोबत पाठवतोय. मीना, जावई, तू, तुझे दोन्ही मामा, सगळे स्वच्छ आलेत. उजवीकडे नुसतं काळं आहे. कॉम्प्युटरवर उजेड वाढवत वाढवत नेला, की त्यात पदर घट्ट धरलेला एक हात दिसतो. चेहरा नाही. तो हात तिचा आहे, एवढंच मी तुला शपथेवर सांगू शकतो.

अजून म्हणू देणार असशील, तर तुझाच,
मनोज