नातीच्या स्कीच्या दोन जोड्या

अप्पा, तुमच्या नातीला स्की घ्यायच्या आहेत. दोनच जोड्या. ती राहते ती म्हणजे कुणाच्या तरी घराच्या तळघरातली एक खोली, दाराशी बूट काढायला जेमतेम जागा, तिथं तिसरी जोडी ठेवायची म्हटली तर हिलाच बाहेर झोपावं लागेल. कॅनडातलं डोंगरातलं गाव आहे, तिथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, तुमची मिशी ओढायची, तेवढीच तुमची तिची ओळख. तरी त्या दिवशी फोनवर म्हणाली, "अम्मा, तात्ता असते तर त्यांनाच विचारलं असतं. आता तू सांग, कुठल्या घेऊ?" अम्मा आणि तात्ता! हसू नका. चेन्नईत वाढलेलं पोर ते. मी आई आणि आजोबा म्हणायला शिकवलं होतं, पण शाळेच्या रिक्षातल्या पोरींनी ते कधीच पुसून टाकलं.

उत्तर मला तिथल्या तिथं माहीत होतं. तुम्ही मला ते इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एक जोडी कडक बर्फासाठी, एक भुसभुशीत बर्फासाठी, आणि दोन्हींत फरक चांगला ठळक हवा, नाहीतर दोन घेऊन उपयोग काय. झालं. पण मी म्हणाले, "बघू गं, विचार करून सांगते." का म्हणाले ते तुमच्यापासून कशाला लपवू? तुमचे जावई गेल्यापासून आणि मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून या नुंगंबाक्कमच्या घरात दिवसभर माझाच आवाज मला ऐकू येत नाही. पोरगी रविवारी फोन करायची. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवते. ती बोलायची नाही असं नाही, आम्हा दोघींना बोलायला काही उरलंच नव्हतं. आणि या स्कीच्या प्रश्नानंतर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करते, तिसऱ्या दिवशी पुन्हा. इथं माझी सकाळची कॉफी होत असते, तिथं आदल्या दिवसाची संध्याकाळ. मी उत्तर दिलं की गाडी परत रविवारवर जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी वेळ काढत राहिले. काढतेच आहे.

तुम्ही मे महिन्याच्या उकाड्यात माळ्यावरून तुमच्या तिन्ही जोड्या खाली काढायचात ते आठवतं का? कारखान्याच्या क्वार्टरमधलं ते एवढंसं स्वयंपाकघर, दोन पाटांवर स्की आडव्या टाकलेल्या, तुम्ही बनियनवर, घामानं निथळताय आणि आईच्या इस्त्रीनं स्कीच्या तळाला मेण लावताय. लष्करात जवानांना बर्फावर शिकवणारे उस्ताद तुम्ही, पेन्शनीत निघालात आणि नोकरी धरलीत कुठं, तर मद्रासला! साताऱ्याकडचे सगळे हसले होते. आई दारात उभी राहून म्हणतेय, "अहो, गुलमर्गला पुढच्या फेब्रुवारीला जायचंय आणि मेण आत्ता? आणि माझ्या इस्त्रीला हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं?" तुम्ही मान वर न करता म्हणताय, "अगं, लाकूड कोरडं पडतं." मद्रासमध्ये लाकूड कोरडं पडतं म्हणे! मग तिच्या लग्नाकार्याच्या साडीवर मेणाचा डाग उमटला आणि दोन दिवस घरात तुमच्याशी फक्त मीच बोलत होते.

आणि ते तिळाचं तेल! समुद्राच्या हवेनं पोलादी कडा गंजतात म्हणून तुम्ही शेजारच्या मामींचं ऐकून कडांना नल्लेण्णै चोपडलंत, जुन्या धोतरात गुंडाळून जोड्या गाडीत ठेवल्या. मद्रासहून जम्मूपर्यंत दिवसच्या दिवस डब्यातल्या उन्हात ते तेल ओघळत ओघळत सगळ्या तळाला लागलं. गुलमर्गला तुमचे जुने हाताखालचे लोक, आता स्वतः उस्ताद झालेले, रांगेत उभे राहून तुम्हाला बघताहेत. तुम्ही ऐटीत काठ्या रोवल्या, पुढं झुकलात, आणि स्की जागच्या हलेनात. थंडीनं ते तेल चिकट होऊन बसलं होतं. तुम्ही थेट तोंडावर आपटलात. एक जण धावत येऊन तळाचा वास घेत म्हणाला, "उस्ताद, इसमें तो अचार डल सकता है." मला हसू आवरत नव्हतं आणि तुम्ही मिशीतला बर्फ झाडत माझ्याकडं डोळे वटारले, मग स्वतःच इतके हसलात की खाली बसलात. असं हसताना मी तुम्हाला मद्रासला कधी पाहिलं नाही. मद्रासला तुम्ही नोकरी करत होतात.

गुलमर्गला तुमच्या जोड्यांतली एक तुम्ही मला वापरायला द्यायचात, पण कुठल्या दिवशी कुठली ते तुम्ही ठरवायचात. सकाळी दाराबाहेर जाऊन बुटाची टाच आपटायची, मूठभर बर्फ उचलून दाबायचा, आणि मग आत येऊन हुकूम सोडायचा. एका सकाळी मी तुमच्याआधी उठले आणि ती लाल, हलकी, लवचिक जोडी पायात चढवून निघाले, कारण ती दिसायला छान होती. रात्री आभाळ निरभ्र होतं, बर्फ गोठून फरशीसारखा झाला होता. अप्पा, त्या मऊ स्की कुठं म्हणून धरत नव्हत्या. अख्खा उतार मी आडवी घसरत गेले. तुम्ही खाली उभे होतात. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही माझ्या अंगावरचा बर्फ झाडलात आणि म्हणालात, "चुकलीस म्हणून रागावलो नाही पोरी. मला विचारलं नाहीस म्हणून रागावलोय." तेव्हा मला वाटलं, काय हा हट्टी माणूस, सगळं याला विचारून करायचं! आता माझी पोरगी रोज विचारते आणि मला कळतं की विचारलं जाणं म्हणजे काय असतं. कुणीतरी आपल्याला विचारावं, एवढ्यासाठी माणूस मे महिन्यात मेण लावत बसतो.

तुमच्या त्या जोड्या आता नाहीत, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. पुराच्या वर्षी तळमजल्याच्या कोठीत पाणी शिरलं, आठवडाभर ओसरलं नाही. बर्फात इतकी वर्षं टिकलेलं लाकूड चेन्नईच्या पाण्यात फुगलं, थर सुटले. भंगारवाल्यानं कडांचं पोलाद तेवढं घेतलं. मी त्या दिवशी बँकेत गेले नाही.

तर आता माझ्याकडं स्की नाहीत, नुसत्या गोष्टी आहेत, आणि काळही बदललाय. तुमच्या वेळी लांबी बघायची आणि ताठपणा बघायचा. आता सगळे कंबर विचारतात. म्हणजे स्कीची मधली रुंदी हो! कंबर बारीक असली की कड चटकन बर्फात रुतते, कडक उतारावर धरून ठेवते. कंबर रुंद असली की ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते. मिलीमीटरमध्ये आकडे सांगतात. पोरीनं दुकानांची पानं पाठवली, मी चष्मा लावून सगळी वाचली, पण आकडा डोळ्यांसमोर येईना. मग टी. नगरला जाऊन शिंप्याची टेप आणली आणि गच्चीवर कोलमच्या, म्हणजे इथल्या रांगोळीच्या, पिठानं दोन स्की आखल्या, मापाच्या, एक बारीक कमरेची, एक रुंद. मार्गळी महिना आहे, आपला धनुर्मास, घरोघरी दारात सकाळी मोठमोठे कोलम पडताहेत, त्यात माझे हे. खालच्या मजल्यावरच्या तंजावरच्या मावशी कपडे वाळत घालायला आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची आणि चाल सगळी तमिळ. "हे अस्कं कसाला गे?" म्हणाल्या, म्हणजे हे सगळं कशाला. मी म्हटलं, मुलीसाठी. "मुलगी कोठं?" म्हटलं, कॅनडात. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मलाच माझी दया आली. मग बिचाऱ्यांनी पिठाच्या रेघेवर पाय पडू नये म्हणून सगळे कपडे दुसऱ्या दोरीवर घातले.

त्या आखलेल्या स्कींवर मी उभी राहिले, अप्पा. अनवाणी, साडीत, गुडघे थोडे वाकवून. ऊन चढत होतं, पाय भाजायला लागले तरी हलले नाही. आजूबाजूच्या गच्च्यांवर कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मला धरून डॉक्टरकडं नेलं असतं.

पोरीला मी नाना प्रश्न विचारते. बूट आपटलास की आवाज कसा येतो? मूठ दाबली की गोळा होतो का भुगा? दुपारी ऊन लागल्यावर काय होतं? तिला आधी कंटाळा यायचा, "अम्मा, फक्त आकडा सांग ना." मग बाहेर जाऊन बघून यायला लागली. एक दिवस म्हणाली, "आज रव्यासारखा आहे. भाजलेल्या." माझ्या अंगावर काटा आला. दुकानातला माणूस तिला सांगत होता, मधल्या रुंदीची एकच घे, सगळ्याला चालते. मी म्हटलं, सगळ्याला चालते ती कुठंच धड चालत नाही, आणि रोज मिळतो त्या बर्फाची जोडी आधी घे, ताज्या बर्फाची स्वप्नं नंतर बघ. ही वाक्यं तुमची आहेत, मी माझी म्हणून खपवली. तिची मराठीसुद्धा सुधारायला लागलीय. पहिल्या जोडीची कंबर मी सांगून टाकली, दुसरीचं अजून भिजत घोंगडं ठेवलंय. "अम्मा, हिवाळा संपेल गं," म्हणते. मी म्हणते, "घाईनं घेशील आणि पाय मोडून बसशील."

आता कालचं सांगते. एरवी ती चालता चालता नुसता आवाजाचा फोन करते. काल तिनं चेहरा दिसणारा लावला, कारण तिला भात टाकायचा होता आणि दोन्ही हात हवे होते. फोन कशाला तरी टेकवून ठेवला. ती तांदूळ धुतेय, आणि तिच्या पाठीमागं दाराशी, भिंतीला टेकून, दोन जोड्या उभ्या. एक बारीक कमरेची, एक चांगली रुंद. फरक ठळक. तुम्ही निवडल्या असत्या तर ह्याच निवडल्या असत्या. आणि नव्या नव्हेत हो. बारीक जोडीच्या तळाला लांबलांब ओरखडे, मेण उडून पांढरट झालेलं, कडेवर गंजाचा ठिपका. ज्यानं आयुष्यभर तळ बघितलेत त्याला सांगावं लागत नाही. कितीतरी आठवडे वापरलेल्या होत्या त्या. मी विचार करत बसले, आकडे मोजत बसले, उन्हात पाय भाजत उभी राहिले, तेव्हा ही त्यावरून उतार उतरत होती.

माझं तोंड पडलं, खोटं कशाला बोलू. मनात आलं, हिला माझी गरज नव्हतीच. म्हातारीला खेळवतेय, दया म्हणून रोज फोन करतेय, तिकडं कुणाला हसून सांगत असेल. कॉफी गार झाली तरी मी कप हातात धरून बसले. तिला पत्ताच नव्हता मागं काय दिसतंय त्याचा. तांदूळ धुता धुता तिनं विचारलं, "मग अम्मा, दुसरी जोडी? किती रुंद घेऊ?" मी तिच्या मागच्या त्या जोड्यांकडंच बघत होते. तिला वाटलं फोन बंद पडला. हात पुसत जवळ आली, पडद्याला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "बोल ना अम्मा. आज सुट्टी होती, सकाळपासून कुणाशी बोललेच नाहीये मी. तूच पहिली."

तिथं संध्याकाळ झाली होती, अप्पा. अख्खा दिवस गेला होता तिचा.

मी म्हटलं, "रुंदीचं बघू नंतर. आधी सांग, आज बर्फ कसा होता?" आणि ती सांगायला लागली, भात उतू जाईपर्यंत सांगत राहिली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिलंय. त्या स्की मी पाहिल्या, हे मी तिला सांगणार नाही.