सांगावा पोचल्याची खूण

फुलसावंगी

प्रिय समीक्षा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पाकीट आणायला गेले तर पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, मथुराबाई, आता पत्र कोण लिहिते? मी म्हटलं, जिची नात फोन उचलत नाही ते लिहिते. तुझ्या बापाच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले, म्हणून माझं अक्षर अजूनही पहिलीतल्या पोराचंच आहे. सावकाश वाच.

सोयाबीन निघालं. तुरीला फुलं चांगली आहेत. तुझी आई बरी आहे, तुझ्या खोलीतली चादर दर आठवड्याला धुते, कुणी झोपत नसताना. तुझा मेसेज वाचून तिनंच सांगितलं, तू महिनाअखेर ते काम सोडणार, आणि जे पाहिलंस ते पुन्हा कुणापुढे काढणार नाहीस.

धम्मचक्र दिनाला तू आलीस, त्या रात्रीचं जेवण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुझ्या काकानं, बबलूनं, सहज विचारलं, पुण्यात काय करून राह्यली? आणि तू सांगितलंस. लढाईच्या देशातून आलेले व्हिडिओ खरे की खोटे, ते तपासायचं. भिंतीची सावली, पाण्याची टाकी, मशिदीचा मनोरा जुळवून जागा नक्की करायची. मग तू त्या पिठाच्या रांगेचं बोललीस. रिकामी पोती घेऊन उभ्या असलेल्या बाया, पोरं, आणि त्या रांगेवर पडलेला तोफेचा गोळा. बबलू हसला. म्हणाला, आता तं मोबाइलमधी माकडही भाषण देते, तू कायले खरं मानतं? तुझ्या बापानं हातातली भाकर ताटात टाकली आणि ओरडला, बंद कर, खोटं असते ते सारं. तू उठलीस. पहाटेच्या जीपनं पुसदला गेलीस, चहासुद्धा न घेता.

तेव्हापासून मी विचार करते आहे की माणूस अशा बातमीला खोटी का म्हणतो. आपण फसलेली माणसं आहोत हे खरं. बियाण्याच्या थैलीवर एक लिहिलेलं असतं आणि वावरात दुसरंच उगवतं. पण तेवढ्यानं उत्तर होत नाही. याच बबलूनं मला परवा नागमण्याचा व्हिडिओ दाखवला, आणि तो त्याला शंभर टक्के खरा वाटतो. नागमणी खरा निघाला तरी बबलूला काही करावं लागत नाही, त्याची भाकर घशाखाली उतरते. तुझी ती रांग खरी मानली, तर पुढचा घास कसा घ्यायचा?

तुझे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, तू पाहिले नाहीत. दीक्षेच्या आधी आपल्या लोकांवर एक काम लादलेलं होतं. गावात कुणी मेलं की त्याच्या सोयऱ्यांना गावोगाव पायी जाऊन कळवायचं. त्याला सांगावा म्हणत. ऊन असो, पूर असो, नाही म्हणायची सोय नव्हती. अंगणाच्या बाहेर उभं राहायचं, आणि ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली त्यानं पाणी द्यायचं तर तेही वरून ओंजळीत. नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी ते काम सोडलं ते सोडलंच. पण म्हातारपणी बाजेवर पडून त्या दारांबद्दल सांगायचे. म्हणायचे, सूनबाई, पह्यल्यांदा कोणीच खरं मानत नाही. खोटं बोलतं म्हणते, शिव्या देते. एकानं तं कुत्रं सोडलं माह्यावर. आपण उभं राहाचं. मंग ते माणूस काहीतरी लहानसं इचारते. जेवला होता का? अंगात सदरा कोणता होता? तसं इचारलं का समजाचं, सांगावा पोचला. तेवढं उत्तर द्याचं, मंगच निंघाचं.

मला तेव्हा ती म्हाताऱ्याची गोष्ट वाटली होती. मग तुझे आजोबा दारव्ह्याला लग्नाला गेले आणि बबलू धावत आला. सीरियस आहे, म्हणाला. आपल्याकडे मेल्याची बातमी अशीच सांगतात, सगळ्यांना ठाऊक असतं. तरी मी त्याची कॉलर धरली. खोटं सांगू नको, म्हटलं. तो रडत उभाच राहिला. मग माझ्याच तोंडून निघालं, त्यांचा चष्मा कुठं आहे? मेलेल्या माणसाला चष्मा कशाला लागतो? पण मी तेच विचारलं. त्या चष्म्याच्या फ्रेममध्ये माझ्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या, त्यातूनच हे लिहिते आहे.

समीक्षा, मी फार पुस्तकं वाचली नाहीत. विहारातल्या कपाटातली मात्र सगळी वाचली. त्यात राजे किती, लढाया किती. पण ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचं गाव पाहिलं नाही, त्यांच्या मरणाचा सांगावा स्वतःहून डोक्यावर घेणारी पोरगी मला कुठं सापडली नाही. पणजोबांवर ते काम लादलं होतं, त्यांनी ते मानानं टाकलं. तू ते मानानं उचललंस, कुणी सांगितलं नसताना. सकाळी अंगण झाडताना हे मनात येतं आणि माझा झाडू थांबतो. आपल्या घरात हे कुठून आलं? आभाळाकडे पाहावं तसं मी तुझ्या फोटोकडे पाहते. भीतीही वाटते. रोज मेलेली पोरं पाहून तू जेवतेस का, झोपतेस का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. रविवारी तुझा बाप ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर गेला. चक्कीवर गर्दी होती, बाया-पोरं डबे घेऊन ओळीनं उभी होती, असं शेजारीण सांगत होती. हा थोड्या वेळानं तसाच परत आला, डबा भरलेला. वीज नाही म्हणाला. घरात पंखा फिरत होता. डबा ठेवून तो माझ्याजवळ ओट्यावर बसला. मग खाली पाहत म्हणाला, आई, ते पिठासाठी उभी होती ते पोरं... केवढाली होती? मी म्हटलं, मले काय माहीत संघदीप? जिनं सांगावा आणला तिले इचार. त्यानं खिशातून फोन काढला, तुझं नाव पाहिलं आणि परत ठेवला. तो फोन करणार नाही, तू त्याला ओळखतेस. त्या रात्री तू पहाटेपर्यंतच थांबलीस आणि निघालीस, त्यात तुझी चूक नाही, ही खूण तुला कुणी सांगितलीच नव्हती. काम सोडायचं की धरायचं, ते तुझं तू ठरव, मी दोन्हीला हो म्हणेन. पण हा एक सांगावा दारातच राहिला आहे. एकदा येऊन जा. डबा अजून ओट्यावर तसाच आहे, आणि तुझ्या बापानं वय विचारलं आहे.

तुझीच,
मथुरा आजी